दुसरा ब्रेक

बुधवारी दुपारी ताईने गाडीची किल्ली भिंगरीच्या हातातून काढून घेतली आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकली. त्याला आज चार दिवस झाले. चार दिवस आत्या-भाचीत कामापुरतं बोलणं चाललं होतं, तेही "चहा ठेवलाय" आणि "फोन वाजतोय" एवढंच. ज्या घरात गप्पांना कधी काळवेळ नव्हता, तिथे ही शांतता सगळ्यांनाच खुपायला लागली. शेवटी बाळ्याने रविवारी तीन वाजता सगळ्यांना ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात जमवलं. घरी नको, म्हणाला. घरी जमलं की आपण खात बसतो आणि मुद्दा राहून जातो.

बाळ्या म्हणजे ताईचा धाकटा भाऊ आणि भिंगरीचा बाप. वय चोपन्न, डोक्यावर केस मोजके, विमा कंपनीत अधिकारी, हाताखाली बारा माणसं. ती बारा माणसं त्याला साहेब म्हणत, आणि ताई बाळ्या म्हणत असे. त्यामुळे तो ऑफिसातला आवाज घरी लावायला गेला की तो आवाज अर्ध्यातच फाटायचा.

ऑफिस म्हणजे एकच खोली. समोर रस्त्यावर उघडणारं शटर, बाजूला गॅरेजचं दार. भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता होता. इतक्या वर्षांत त्यातला लाल रंग पार गुलाबी होऊन गेला होता. कोपऱ्यात अर्धं कापलेलं इंजिन, आतलं सगळं दिसावं म्हणून अप्पांनी, म्हणजे स्कूल काढणाऱ्या ताईच्या वडिलांनी, स्वतः कापून घेतलेलं. अप्पांचा फोटो मात्र कुठे नव्हता. त्यांच्याऐवजी टेबलावर एक पेडल होतं. त्यांच्या पहिल्या गाडीतला, शिकवणाऱ्याच्या पायाशी बसवलेला दुसरा ब्रेक. गाडी भंगारात गेली तेव्हा काकांनी तो काढून ठेवला, आणि गेली अकरा वर्षं तो टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून बसून होता. आल्यागेल्याला ताई तो उचलून दाखवायची. "बघा, रबर अजून कोरं आहे. अप्पा कधी ब्रेक दाबतच नसत." समोरचा मान डोलवायचा, आणि ताईला दरवेळी अभिमान वाटायचा आणि थोडं ओशाळल्यासारखंही व्हायचं. कारण तिच्या स्वतःच्या गाडीतल्या पेडलचं रबर झिजून झिजून सहा वेळा बदलावं लागलं होतं.

आता तर गुडघाच झिजला होता. पस्तीस वर्षं एकच पाय, एकाच जागी, सतत ताणलेला. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, महिना संपला की शिकवायला गाडीत बसायचं नाही. म्हणजे पुढच्या महिन्यापासून एक तर भिंगरीने स्कूल चालवायचं, नाही तर शेहेचाळीस वर्षांची पाटी उतरवायची. मधला रस्ता नव्हता. आणि नेमक्या त्याच वेळी भिंगरीने गाडी फाटकाच्या खांबाला नेऊन लावली होती.

भिंगरीने म्हणजे तिच्या विद्यार्थिनीने. पण शिकवणारी शेजारीच होती ना?

"मी सरळ मुद्द्यावर येतो," बाळ्या म्हणाला. त्याने पुढ्यात कोरा कागद आणि पेन मांडलं होतं, जणू ठराव लिहून घ्यायचा होता. "बुधवारी खांब होता. उद्या माणूस असेल. मी रोज असले कागद वाचतो. 'शिकाऊ चालक, प्रशिक्षक शेजारी.' पुढचं मी सांगत नाही, चहा जाणार नाही तुम्हाला."

"चहा गेला की," काका म्हणाले. "गारसुद्धा झाला होता."

काका म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ. वय ब्याऐंशी. जन्मभर मेकॅनिक. स्कूलच्या पहिल्या गाडीपासून आजच्या गाडीपर्यंत प्रत्येक दुसरा ब्रेक त्यांच्याच हातचा. आता कानाने कमी आणि सोयीने जास्त ऐकू यायचं. ते दाराजवळच्या स्टुलावर डोळे मिटून बसले होते, त्यामुळे ते झोपलेत असं समजून सगळे मोकळेपणाने बोलत होते. ही चूक या घरात पूर्वीही बऱ्याच जणांना महागात पडली होती.

"माझं म्हणणं वेगळंच आहे," वहिनी म्हणाली. बाळ्याची बायको हायस्कुलात गणित शिकवायची आणि वर्गात असो की घरात, बोलण्याआधी चष्मा पुसायची. "पोरीला शिकवायची आवड आहे ना? मग रीतसर शिक्षण घे, शाळेत लाग. एवढी हुशारी क्लच आणि गिअरमध्ये कशाला घालवायची? राग मानू नका हं, ताई."

"राग कसला," ताई म्हणाली. राग आलाच होता. पण वहिनी आज तिच्या बाजूने होती. निदान भिंगरीच्या विरोधात तरी. रागापेक्षा ते महत्त्वाचं होतं. "पान आणलंस का, भिंगे?"

बुधवारी किल्ली काढून घेताना ताईने अट घातली होती. "एका पानावर लिहून दे. तू कशी शिकवतेस आणि तशीच का शिकवतेस. मला पटलं तर किल्ली, नाही तर विषय संपला." रागाच्या भरात बोलून गेली होती. नंतर तिलाच वाटलं, आपण काय मागितलंय हे आधी आपल्याला तरी माहीत हवं. म्हणून गुरुवारी सकाळी ती स्वतः कागद घेऊन बसली. पस्तीस वर्षांत सहा-सात हजार माणसं शिकवली, एक पान काय, वही भरेल असं वाटलं. दोन तासांत एक ओळ झाली. 'शिकवणाऱ्याचा पाय ब्रेकवर असावा.' पुढे काही सुचेना. पेनाचं टोपण तेवढं चावून झालं. तो कागद पर्समध्ये किल्लीशेजारीच पडून होता.

भिंगरी उभी राहिली. चोवीस वर्षांची, लहानपणापासून एका जागी न ठरणारी, म्हणून भिंगरी. आज मात्र पाय रोवून उभी होती. तिने घडी उघडली आणि कुणाकडे न बघता वाचायला लागली.

"आमच्या गाडीत दोन ब्रेक आहेत आणि बहुतेक वेळा दोन घाबरलेली माणसं. पहिल्या दिवशी मी गाडी शिकवत नाही, धुवायला लावते. गाडी धुतल्याशिवाय तिची लांबी-रुंदी हाताला कळत नाही, असं आजोबा म्हणायचे. दुसऱ्या दिवशी ज्या रस्त्यावरून जायचं तो रस्ता आम्ही पायी चालतो. तिसऱ्या दिवसापासून गाडी, आणि तेव्हा माझा पाय ब्रेकवर असतो. दहाव्या दिवशी मी पाय मागे घेते आणि तसं शिकणाऱ्याला सांगते. काही आडवं आलं तर मी मनात दोन मोजते. दोन झाले आणि त्यांनी काही केलं नाही तरच मी दाबते."

"दोन मोजते!" बाळ्या म्हणाला. "अगं, तेवढ्यात माणूस वर जाऊन परत येईल!"

"बाबा, रिकाम्या गल्लीत, पंधराच्या वेगाने. मोठ्या रस्त्यावर नाही. ते पुढे लिहिलंय."

"मध्ये बोलू नका," वहिनी नवऱ्याला म्हणाली. वर्गातला आवाज.

"बुधवारी मी एक म्हटलं आणि बेकरीच्या काकूंनी ब्रेक दाबला. उशिरा दाबला. खांबाला लागलं, दिवा फुटला. मी आधी दाबला असता तर दिवा वाचला असता. पण काकू गाडीतून उतरल्या तेव्हा रडत नव्हत्या. त्या म्हणाल्या, मी थांबवली. त्यांचं आजवर सगळं दुसऱ्यांनीच थांबवलंय, त्यांनी स्वतः काही थांबवल्याचं हे पहिलंच. माझी चूक एवढीच की त्या वळणाला दोन जास्त होतात, एकच मोजायला हवा होता. ती मी सुधारेन. पण मोजणं सोडणार नाही."

भिंगरी थांबली. पुढची ओळ तिला जड जात होती, ते सगळ्यांना दिसलं.

"मी अठराव्या वर्षी आत्याकडे गाडी शिकले. आत्याइतकं जीव लावून शिकवणारं मी कुणी पाहिलं नाही. पण लायसन्स मिळाल्यावर मी पहिल्यांदा एकटी चौकात गेले आणि सिग्नलला माझा पाय थरथरायला लागला. तोपर्यंत गाडी मी थांबवत होते की आत्या, हे मला कधी कळलंच नव्हतं. म्हणून मी ठरवलं, मी शिकवीन तेव्हा शिकणाऱ्याला एवढं तरी कळलं पाहिजे. गाडी कुणी थांबवली."

तिने घडी घातली आणि कागद त्या पेडलखाली ठेवला.

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. ताई टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. भाचीने चारचौघांत कानाखाली द्यावी तसं तिला झालं होतं, आणि गंमत म्हणजे त्यात एक शब्द खोटा नव्हता. ती थरथर तिने स्वतः पाहिली असती तर? पाहिली असती तर तिने शेजारी बसून पुन्हा पाय ब्रेकवर ठेवला असता. हे तिला आत्ता कळत होतं.

"छान लिहिलंस," ती म्हणाली. आवाज कोरडा आला. "त्या पोस्टमनबद्दल नाही लिहिलंस."

पोस्टमनची हकीकत घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. ताईचं शिकवण्याचं दुसरं वर्ष. एक तरणाबांड विद्यार्थी, ताईचा पाय क्षणभर सैल, आणि वळणावर सायकलवरचा पोस्टमन. मनगट मोडलं, पत्रं रस्ताभर. ताईने गुडघ्यावर बसून एकेक पत्र गोळा केलं आणि पुढे महिनाभर त्याच्या टपालाच्या फेरीला त्याच्याबरोबर चालत गेली, कारण एका हाताने त्याला पिशवी आणि पत्रं दोन्ही सांभाळता येईना. पुढे तोच पोस्टमन तिच्याकडे गाडी शिकला. पण ताईचा पाय त्या दिवशी ब्रेकवर गेला तो परत आलाच नाही.

"आत्या, ते मला माहीत आहे," भिंगरी हळू म्हणाली. "मी तुला नावं नाही ठेवत गं."

"तेच तर मी म्हणतोय," बाळ्याला धीर आला. "ताईचंच बरोबर. पाय ब्रेकवर. बस्स. काय गं?" त्याने बायकोकडे पाहिलं.

वहिनी चष्मा पुसत होती. पुसून झाला तरी पुसत होती.

"मी सव्वीस वर्षं फळ्यावर गणितं सोडवतेय," ती म्हणाली. "मुलगा अडला की दोन सेकंदही थांबवत नाही मला. खडू हातातच असतो. उत्तर लिहून मोकळी. मुलं उतरवून घेतात, पासही होतात. आता विचार करतेय, ती गणितं कुणी सोडवली?"

"अगं, तू माझ्या बाजूची होतीस ना?"

"होते," वहिनी म्हणाली. "पण पान ऐकायच्या आधी."

बाळ्याने कोऱ्या कागदावर उगाचच एक रेघ ओढली. आली का पंचाईत. घरात मत मांडायचं तर आधी बायकोला विचारावं, हे तो पंचवीस वर्षांत शिकला होता, पण आज घाईत विसरला होता.

"आणि ते दोन मोजणं तू कुठून आणलंस?" ताईने विचारलं.

"आजोबांकडून. मी लहानपणी मागच्या सीटवर झोपायचे ना, तेव्हा ऐकायचे. ते तोंडातल्या तोंडात म्हणायचे. एक... दोन. मला वाटायचं गाणं म्हणतात."

ताईनेही ते ऐकलं होतं. तिला तो त्यांचा दमा वाटायचा.

"अप्पांचं मला नको सांगू," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज ओला झाला. "अप्पांनी मला कसं शिकवलं ते मी विसरेन का? एकोणीस वर्षांची होते. पाण्याच्या टाकीजवळचा उतार. बाजूच्या गल्लीतून काचांची हातगाडी आली. उभ्या काचा, माणसाएवढ्या. मला त्यात आपलीच गाडी येताना दिसली..."

बाळ्या ओठांनी पुढचे शब्द म्हणत होता. ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगून झाली होती. काचांत स्वतःचं तोंड दिसेपर्यंत गाडी गेली, आणि तिथे ताईने ब्रेक दाबला. मध्ये वीतभर जागा. काचवाला शिव्या द्यायचंसुद्धा विसरला. ताईने शेजारी पाहिलं, तर अप्पा मांडीवर हात ठेवून शांत बसलेले. ओरडले नाहीत, ब्रेक दाबला नाही. एवढंच म्हणाले, "चल. पहिला गिअर टाक." त्या एका वाक्यावर ताई पुढची एक्केचाळीस वर्षं जगली होती. आपल्या बापाने मरण समोर दिसत असताना आपल्यावर विश्वास टाकला, असं किती पोरींना म्हणता येतं?

"घरी आलो तर अप्पा एका पायाने अनवाणी," ताई हसली. डोळे पुसले. "चपलेचा अंगठा तुटला होता. उतरताना तुटला म्हणाले. आई ओरडली, नवी चप्पल तोडलीत म्हणून. त्यानंतर ते गाडीत चप्पल काढूनच बसायचे."

"मग ताई," वहिनीने विचारलं, "तुम्हाला एवढं मोठं मिळालं, ते तुम्ही दुसऱ्या कुणाला का नाही दिलंत?"

प्रश्न साधाच होता. पण पस्तीस वर्षांत तो कुणी विचारला नव्हता. ताईने पर्स उघडली, आपला कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

"मीपण लिहायला बसले होते. ही एक ओळ झाली. पस्तीस वर्षांची एक ओळ." तिने तो कागद बोटाने पुढे सरकवला. "का नाही दिलं म्हणतेस? कारण मी अप्पा नाही गं. त्यांची छाती होती तेवढी. माझी नाही. मी भित्री आहे. भित्र्या माणसाने पाय ब्रेकवर ठेवावा, हीच माझी सगळी विद्या."

भिंगरी उठून आत्याजवळ जायला निघाली, तेवढ्यात स्टुलावरून आवाज आला.

"दादाने ब्रेक दाबला होता."

काकांचे डोळे उघडे होते. ते ताईकडे बघत होते.

"काय?"

"त्या दिवशी. उतारावर. दादाने ब्रेक दाबला होता. ताकद लावून दाबला. चपलेचा अंगठा उगाच तुटतो काय?"

"काका, काहीतरीच काय! मी गाडी थांबवली. मला आठवतंय ना, माझा पाय..."

"तूच थांबवलीस. तो दाबत होता ते नुसतं पेडल. खाली काही नव्हतंच." काकांनी कप खाली ठेवला. "ती जोडणारी सळई असते ना, या ब्रेकपासून त्या ब्रेकपर्यंत? ती माझ्या टेबलावर होती. आदल्या दिवशी वाकडी झाली म्हणून सरळ करायला काढली. सरळ केली, आणि ठेवली. जेवायला गेलो. आल्यावर दुसरी गाडी आली. विसरलो. जन्मभराच्या धंद्यात एकच गोष्ट विसरलो, आणि ती ही."

बाळ्याने पेन खाली ठेवलं. असले कागद तो रोज वाचत होता, पण हा त्याच्या घरचा निघाला.

"संध्याकाळी दादा गॅरेजमध्ये आला. एका पायात चप्पल. पाय असा लटपटत होता. खाली बसला. मी सळई बघितली आणि मला कळलं. मी म्हटलं, दादा, मार मला. तो म्हणाला, मारतो. आधी ऐक." काका थांबले. भावाचा आवाज आठवत असावेत. "म्हणाला, मी दाबला तेव्हा पोरीचा पाय आधीच खाली गेला होता. गाडी तिने थांबवली. मी नसतो तरी थांबली असती. मग गेली पाच वर्षं मी काय करतोय? शेकडो माणसं शिकवली. त्यांच्या गाड्या त्यांनी थांबवल्या की मी, मला काय माहीत?"

भिंगरीचा हात तोंडावर गेला.

"दुसऱ्या दिवशी मी सळई बसवली. चांगली दोनदा ओढून बघितली. पण त्या दिवसापासून तो चप्पल काढून बसायला लागला. म्हणाला, पाय उघडा असला की आठवण राहते. आणि दोन मोजायचा. त्याआधी पाच वर्षांत या पेडलचं रबर मी दोनदा बदललं होतं." त्यांनी टेबलाकडे बोट केलं. "हे तिसरं. हे कोरं राहिलं."

ताईने पेडल उचललं. हजारदा उचललं होतं. रबरावरच्या आडव्या रेघा अजून बोटाला लागत होत्या.

तिला आधी राग आला, चांगलाच आला. म्हणजे ते शांत बसणं, मांडीवरचे हात, तो विश्वास, सगळं खोटं? बाप शेजारी बसून जिवाच्या आकांताने ब्रेक दाबत होता आणि तिला वाटत होतं की आपल्यावर सोडलंय? एक्केचाळीस वर्षं ती ज्या खुंटीवर सगळं टांगून बसली होती ती खुंटीच भिंतीत नव्हती.

"मला का नाही सांगितलंत?" ती म्हणाली. लहान मुलीसारखं म्हणाली.

"दादाने शपथ घातली. म्हणाला, तिला वाटतंय मी दाबला नाही. वाटू दे. त्या वाटण्यावर ती गाडी चालवतेय."

"मग आज का सांगताय?"

"आज तू म्हणालीस, दादाची छाती होती नि माझी नाही." काकांनी मान हलवली. "दादाचीही नव्हती गं. तुझ्याएवढाच भित्रा होता तो. भित्रा होता म्हणून तर मोजायला लागायचं. आणि ते त्याला कुणी शिकवलं? तू. मरेपर्यंत म्हणायचा मला, माझी मास्तरीण घरातच जन्माला आली. पण तुझ्यासमोर बोलेल तर तो दादा कसला."

ताईने पेडल परत ठेवलं. ठेवताना तिचं लक्ष भिंगरीच्या पानाकडे गेलं आणि मग स्वतःच्या एका ओळीकडे. राग अजून होता, पण त्याच्याखाली दुसरं काहीतरी सैल होत होतं. अप्पांना पाय काढायला वयाचं शेहेचाळिसावं वर्ष उजाडलं होतं. आपल्याला साठावं लागलं, एवढंच. तिला बापाची एकदम आठवण आली. त्यांच्या अनवाणी पायाचा तो अंगठा, गाडी धुतल्यावर ओल्या बोनेटवर हात ठेवून उभं राहण्याची सवय, आणि ते पुटपुटणं. एक. दोन. प्रत्येक वेळी तो माणूस घाबरत होता. प्रत्येक वेळी.

शटरशी कुणीतरी खाकरलं. बेकरीच्या काकू. हातात कागदी पिशवी, पिशवीला आतून तूप सुटलेलं.

"पाचची वेळ दिली होती मॅडमनी," त्या म्हणाल्या. मग सगळी तोंडं बघून बिचकल्या. "नंतर येऊ का? नाही, म्हणजे, खांबाचं मी बोलून आले त्या फाटकवाल्यांशी. ते म्हणाले, खांब आधीच कलला होता. आता सरळ बसवून घेतला त्यांनी."

बाळ्याला हसू आलं. मग वहिनीला. मग आवरेना.

ताईने आज स्वतःच काकूंना न्यायचं ठरवलं होतं, गुडघा गेला तरी बेहत्तर. तिने पर्समधून किल्ली काढली. हातात एकदा तोलली. मग भिंगरीपुढे धरली.

"ताई, विचार कर," बाळ्या म्हणाला, पण त्यात आता दम नव्हता.

"पस्तीस वर्षं केला," ताई म्हणाली. "एक ओळ झाली."

भिंगरीने किल्ली घेतली. काहीतरी बोलणार होती, पण ताईने हातानेच गप्प केलं. गाडीपाशी गेल्यावर मात्र ताईचा हात सवयीने पुढच्या दाराकडे गेला. ती थांबली, आणि मागचं दार उघडून आत बसली. आपल्याच गाडीच्या मागच्या सीटवर ती पहिल्यांदा बसत होती. इथून रस्ता अरुंद दिसत होता आणि समोर दोन डोकी, त्यातलं एक अप्पांसारखं जरा डावीकडे कललेलं. पायाशी काही नव्हतं, नुसती रबरी चटई.

काकूंनी गाडी सोडली. दुसरा गिअर जरा करकरला. शाळेची भिंत गेली, गिरणी गेली, आणि ते वळण आलं. पलीकडे तोच खांब, बुडाशी ताजं सिमेंट. वळणाच्या आतून एक म्हातारे गृहस्थ छत्री टेकत निवांत रस्त्यात उतरले.

ताईचा पाय चटईवर दाबला गेला. गुडघ्यातून कळ मांडीपर्यंत गेली. तिने आणखी दाबला. खाली काही नव्हतं.

"एक," भिंगरी तोंडातल्या तोंडात म्हणाली.

गाडी थांबली. धक्का बसला, इंजिन बंद पडलं. म्हातारे गृहस्थ बोनेटसमोरून छत्री टेकत निघून गेले. त्यांनी मानही वळवली नाही. खांब चार हात लांब होता.

काकूंनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. "कुणी दाबला?" त्यांनी समोर बघतच विचारलं.

"मी नाही," भिंगरी म्हणाली, आणि दोन्ही पाय उचलून दाखवले.

काकू मागे वळल्या. "मॅडम, तुम्ही?"

ताईने खाली पाहिलं. तिचा पाय अजून चटईवर रुतलेला होता आणि चप्पल केव्हाच निसटून बाजूला पडली होती. तिने पाय सैल सोडला. तो लटपटत होता, तो तिने लटपटू दिला.

"माझ्याकडे ब्रेकच नाही," ती म्हणाली. "चला. पहिला गिअर टाका."